पिंजऱ्यातील उंदराचे आपण काय देणे लागतो?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या शेवटच्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्या ऑफिसात आला. तो औषधनिर्माणशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतो आहे. आधीच सांगून ठेवतो, ही भेट प्रायश्चित्त संस्काराची नव्हती आणि तिच्याविषयी लिहायला त्याने मला परवानगी दिली आहे. पाच-दहा मिनिटे तो गायनमंडळ, क्रिकेटचे सामने असे इकडचे तिकडचे बोलत राहिला. मग खाली पाहत म्हणाला, "फादर, मी रोज उंदरांना मुद्दाम आजारी पाडतो आणि काही दिवसांनी त्यांना मारतो. हे पाप आहे का?"

ख्रिस्तसभेची शिकवण मला ठाऊक आहे. 'नाही, पाप नाही' असे सांगून मी त्याला दोन मिनिटांत घरी पाठवू शकलो असतो. पण त्याला एवढेच हवे असते तर तो आलाच नसता. मी म्हटले, "आधी तू नेमके काय करतोस ते मला समजावून सांग." पुढचा तासभर तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. नंतर मीही थोडे वाचन केले. आजचे चिंतन जरा लांबले आहे आणि मध्ये थोडे विज्ञानही आले आहे, सांभाळून घ्या.

त्याच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना काही दिवस रोज डेक्सामेथासोन नावाच्या स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. उंदराचे वजन उतरते. त्याच्या मागच्या पायांची पोटरी बारीक होते. त्याला एका जाळीला धरायला लावून हळूच मागे ओढतात आणि त्याची पकड किती ढिली झाली ते यंत्रावर मोजतात. शेवटी भूल देऊन त्याला मारतात, पोटरीचे स्नायू काढून वजन करतात आणि त्या स्नायूंत कोणती प्रथिने किती वाढली, किती घटली हे तपासतात. "पहिल्या दिवशी तो हातात वळवळतो, फादर," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी वळवळत नाही. नुसता बसून राहतो."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक मावशी उभ्या होत्या. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो तिथल्या. दम्यासाठी त्या बरीच वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. चेहरा गोल झाला होता, हातपाय मात्र काटकुळे. पवित्रीकरणाच्या वेळी त्या सर्वांबरोबर गुडघे टेकत, पण उठायची वेळ आली की उठता येत नसे. पुढच्या बाकाला दोन्ही हातांनी धरून त्या स्वतःला वर ओढून घेत. दुखत काहीच नव्हते, आणि म्हणूनच त्यांना वाटे की हे वयामुळे आहे. एकदा तर त्या मला म्हणाल्या, "फादर, देवासमोर गुडघे टेकायची ताकदच देवाने काढून घेतली. माझं काय चुकलं असेल?" पुढे त्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की हा स्टिरॉइडमुळे होणारा स्नायूंचा आजार आहे. मांड्या आणि कंबरेजवळचे स्नायू यात आधी थकतात. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, बसून उभे राहणे कठीण होते. वेदना बहुधा नसतात. औषधाची मात्रा कमी करता आली तर हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, ताकद बरीचशी परत येते.

म्हणजे त्या तरुणाच्या पिंजऱ्यात जो आजार मुद्दाम निर्माण केला जात होता, तो याच मावशींचा आजार होता. जाळीवरून सुटणारी उंदराची पकड आणि बाकाला धरणारे मावशींचे हात, ही दोन चित्रे त्या दिवसापासून माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत.

स्टिरॉइड हा शब्द आपल्याकडे फार ढिलेपणाने वापरला जातो, म्हणून एक खुलासा. व्यायामशाळेतील मुले स्नायू फुगवण्यासाठी जी चोरून घेतात ती स्टिरॉइड्स वेगळी. डॉक्टर दमा, संधिवात, त्वचेचे विकार, प्रत्यारोपणानंतरचे उपचार यांसाठी जी देतात ती वेगळी. पहिली स्नायू वाढवतात, दुसरी दीर्घकाळ घेतली तर स्नायू खातात. पण ही दुसरी औषधे काही वाईट नव्हेत. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांनी हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण नोबेलच्या आधीच दुष्परिणामही दिसू लागले होते. अलीकडचे उदाहरण आपल्या घरातले आहे. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतून कळले की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन दिल्यास मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आपल्या धर्मग्रामातील काही जण आज या औषधामुळे आपल्यात बसलेले असतील. तेव्हा औषध सोडून देणे हा मार्ग नव्हे. औषध चालू राहावे आणि स्नायू मात्र वाचावेत, हा खरा प्रश्न आहे, आणि उंदीर त्यासाठी आहे.

आता थोडे त्या प्रथिनांविषयी, कारण नैतिक प्रश्नाची गाठ मला तिथेच सापडली.

आपल्या शरीरातील पेशी स्वतःचेच काही भाग खात असतात. जुने, मोडके, निकामी झालेले भाग एका पिशवीत गुंडाळले जातात, ती पिशवी पेशीतल्या पाचक कप्प्याकडे नेली जाते आणि आतला माल विरघळवून पुन्हा वापरात आणला जातो. याला ऑटोफॅजी म्हणतात, म्हणजे स्वभक्षण. हा शब्द १९६३ साली बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान द दूव्ह यांनी दिला. तो पाचक कप्पाही त्यांनीच शोधला होता, उंदराच्या यकृतावर काम करता करता. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या त्याच यीस्टमध्ये, या कामाची सूत्रे हलवणारी जनुके शोधली. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

त्या नोबेलनंतर दर उपवासकाळात मला व्हॉट्सॲपवर एक संदेश येतो: 'विज्ञानाने सिद्ध केले, उपवासाने शरीर शुद्ध होते, नोबेल मिळाले!' ओसुमींना नोबेल मिळाले ते यीस्टच्या पेशींवरील कामासाठी, आपल्या उपवासासाठी नव्हे. आणि आपण उपवासकाळात उपाशी राहतो ते पेशी साफ करायला नव्हे. कृपा करून तो संदेश मला पाठवू नका. असो.

डेक्सामेथासोन दिलेल्या प्राण्यांच्या स्नायूंत ही स्वभक्षणाची यंत्रणा जोरात चालू झाल्याच्या खुणा अनेक प्रयोगांत दिसतात. स्टिरॉइडमुळे स्नायूंच्या पेशीत एक मोठी कळ दाबली जाते. त्या कळीचे नाव फॉक्सओ. ती दाबली की स्नायूंतील प्रथिने तोडणारी निरनिराळी यंत्रे सुरू होतात, आणि स्वभक्षण त्यांपैकी एक आहे. ही कळ स्वभक्षणही चालवते हे २००७ साली उंदरांवरील कामातून पुढे आले.

हे ऐकल्यावर मी त्या तरुणाला म्हटले, "मग सोपे आहे. स्नायू स्वतःला खातो म्हणून झिजतो. खाणे थांबवणारे औषध द्या, झीज थांबेल." सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो आहे, त्यामुळे असे निष्कर्ष मला चटकन सुचतात. तो हसला. "फादर, सगळ्यांना आधी असंच वाटतं."

मग त्याने मला पादुआची गोष्ट सांगितली. हो, तेच पादुआ, ज्या गावच्या संत अंथनीची नोव्हेना आपण मंगळवारी करतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या स्नायूंत स्वभक्षणासाठी लागणारे एक जनुक, त्याचे नाव एटीजी ७, काढून टाकलेले होते. माझ्या तर्काप्रमाणे हे उंदीर धष्टपुष्ट व्हायला हवे होते. २००९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले ते अगदी उलटे होते. स्वभक्षण बंद पडलेले स्नायू झिजले, दुबळे झाले. आत मोडके भाग साचून राहिले होते. उपाशी ठेवले तेव्हाही हे स्नायू वाचले नाहीत, उलट अधिक झिजले. स्वभक्षण अति झाले तरी स्नायू जातो आणि पुरते थांबले तरी जातो.

एका पुरोहिताने यावर मर्यादेविषयी एखादे छान प्रवचन द्यावे असा मोह होतो, पण मला दुसरेच जाणवले. माझा तर्क निर्दोष होता आणि चुकीचा होता. खुर्चीत बसून, प्राण्याला हात न लावता मी जे औषध सुचवले असते, ते मावशींना दिले असते तर त्यांचे पाय आणखी लवकर गेले असते. ही चूक उंदराच्या शरीराने दाखवून दिली. प्राण्यांवरील प्रयोगांना माझी पहिल्यापासून नावड आहे. पण 'नुसता विचार करून हे कळले असते' असे आता मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही. उपयोग झाला म्हणजे योग्य ठरले, असे आपण मानत नाही. तसे मानले तर माणसावरही काहीही करता येईल, आणि विसाव्या शतकात तसे केलेही गेले आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते? उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला प्राण्यांवर सत्ता देतो, हे सर्वांच्या पाठ आहे. त्याच पुस्तकात जलप्रलयानंतर देव जो करार करतो तो केवळ नोहाशी नसून तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक सजीवाशी असतो, हे मात्र आपण विसरतो. नीतिसूत्रांचा लेखक नीतिमान माणसाची खूण सांगताना तो आपल्या जनावराची काळजी घेतो असे म्हणतो. योनाच्या पुस्तकाचा शेवट तर मला फार आवडतो. निनवे शहर का वाचवले याचे कारण देताना देव तेथील माणसांबरोबर गुराढोरांचीही आठवण करतो आणि पुस्तक तिथेच संपते. दुसऱ्या बाजूला, मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये या नियमाचा अर्थ लावताना संत पौल, देवाला बैलांची काळजी आहे की काय, असे विचारून तो नियम सुवार्ता सांगणाऱ्यांच्या पोटापाण्याला लावतो. बैलांच्या वतीने मला त्याचे थोडे वाईट वाटते.

आपल्या विचारवंतांतही एकमत नव्हते. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्याला मारणे पाप मानले नाही. प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण तशी सवय लागली की माणूस माणसाशीही क्रूर होतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे उंदराचे दुःख महत्त्वाचे ते आपल्या स्वभावासाठी. पुढे देकार्तने प्राण्याला यंत्र मानले. सेमिनरीत मी परीक्षेत देकार्तची बाजू चांगली मांडली होती, पण ज्याने कधी घरी कुत्रा पाळला आहे त्याला हे पटणे अवघड. याउलट संत जॉन हेन्री न्यूमन, ज्यांना २०२५ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित करण्यात आले, यांचे एक प्रवचन आहे. ते त्यांच्या कॅथलिक होण्याच्या आधीचे आहे. प्रभूच्या दुःखसहनाचा विषय आपल्या सवयीचा होऊन मन कोरडे राहते, म्हणून ते श्रोत्यांना निरपराध मुक्या प्राण्यावर होणाऱ्या क्रौर्याची आठवण देतात. त्या प्राण्याकडे पाहून जे वाटते त्यातून क्रुसाकडे पाहायला शिका, असा त्यांचा रोख आहे. त्याच शतकात इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध जाहीर आवाज उठवणाऱ्यांत कार्डिनल मॅनिंग होते. तेव्हा या प्रश्नाने अस्वस्थ होणे हे काही आजच्या काळाचे फॅड नाही.

१९९२ च्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये या विषयावर थोडक्यात पण नेमके सांगितले आहे. प्राणी देवाची निर्मिती आहेत, ते नुसते असण्यानेच देवाचा गौरव करतात. माणसाच्या उपचारासाठी किंवा त्याचा जीव वाचवण्यासाठी हातभार लागत असेल आणि मर्यादा पाळली जात असेल, तर त्यांच्यावरील वैद्यकीय प्रयोग नैतिकदृष्ट्या मान्य आहेत. पण प्राण्यांना विनाकारण दुःख देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभणारे नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हेच पुन्हा आठवून दिले.

माझ्या मते सगळा भार 'विनाकारण' या एका शब्दावर आहे. कारण आहे की नाही हे एकदा ठरवून कायमचे संपत नाही. ते प्रत्येक पिंजऱ्यापाशी नव्याने विचारावे लागते. आणि इथे त्या प्रथिनांकडे परत यावे लागते.

स्वभक्षण किती चालले आहे हे पाहण्यासाठी एलसी ३ नावाचे प्रथिन मोजतात. ते त्या पिशवीच्या वेष्टनाला चिकटते, म्हणून ते जास्त दिसले तर पिशव्या जास्त आहेत एवढे कळते. पण पिशव्या जास्त का? समजा, तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग पडला आहे. याचा अर्थ घरोघरी जोरात साफसफाई चालली आहे असा होऊ शकतो, किंवा चार दिवस घंटागाडीच आली नाही असाही होऊ शकतो. ढीग तोच, अर्थ उलटे. म्हणून पी ६२ नावाचे दुसरे प्रथिनही पाहतात. ते कचऱ्याबरोबर पिशवीत जाते आणि त्याच्याबरोबर विरघळते. तेही साचलेले दिसले तर बहुधा गाडीच आलेली नाही. आणि एवढ्यावरही पुष्कळदा भागत नाही, गाडी मुद्दाम अडवून ढीग किती वाढतो ते पाहावे लागते.

आता असा प्रयोग डोळ्यांपुढे आणा, ज्यात उंदरांना आजारी पाडले, मारले, आणि मग फक्त ढीग मोजला. निबंध लिहून झाला, पदवी मिळाली, पण त्या ढिगाचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही. ते उंदीर कशासाठी मेले? किंवा असा प्रयोग, ज्याचे उत्तर दहा ठिकाणी आधीच छापले गेले आहे आणि तो पुन्हा केला केवळ 'आपल्याकडेही झाला' म्हणायला. हातात सुई घेणारा माणूस दुष्ट असेल असे नाही. तो फक्त घाईत असतो किंवा आळशी असतो. प्रयोगशाळेत आळस हाही क्रौर्याचा प्रकार होऊ शकतो, हे मला या निमित्ताने प्रथमच उमगले. चांगले विज्ञान करणे हे तिथे नुसते हुशारीचे काम राहत नाही, उंदराच्या बाबतीतली ती न्यायाची पहिली पायरी होते.

शास्त्रज्ञांनाही हे कळते. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ साली एका पुस्तकात तीन गोष्टी मांडल्या. जिथे प्राण्याशिवाय चालेल तिथे दुसरे साधन वापरा, जिथे चालत नाही तिथे कमीत कमी प्राणी घ्या, आणि जे घ्याल त्यांचे दुःख कमीत कमी करा. आपल्या देशात १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख आहे, आणि प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राण्यांच्या नीतीविषयक समिती असावी लागते. त्या समितीत शास्त्रज्ञ नसलेला एक जागरूक नागरिकही असतो. आपल्या धर्मग्रामातील निवृत्त शिक्षकांनी कधी अशी जागा देऊ केली तर नाही म्हणू नये. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला तर भारतात २०१४ पासून बंदीच आहे. लिपस्टिकसाठी सशाचे डोळे जाळणे आणि मावशींच्या पायांसाठी उंदराचे स्नायू तपासणे यांत फरक आहे, हे कायद्यालाही दिसले.

पण सगळी जबाबदारी प्रयोगशाळेवर टाकून आपण हात झटकू शकत नाही. ते ज्ञान शेवटी आपल्याकडे येते. आपण त्याचे काय करतो? १९८१ साली अमेरिकेत हिक्सन आणि डेव्हिस यांनी दाखवले की स्टिरॉइड दिलेल्या उंदरांना नियमित पळवले तर स्नायूंची झीज काही प्रमाणात टळते. आज फिजिओथेरपिस्ट अशा रुग्णाला उठबस करायला, चालायला सांगतात, त्यामागे असे उंदीरही आहेत. आणि आपण? 'फादर, व्यायामाचा कंटाळा येतो.' केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची गोळी आणतो, कारण सांधे लवकर मोकळे होतात. गोरे दिसण्यासाठी मुली स्टिरॉइड असलेली क्रीम महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. याउलट कोणी दुष्परिणामांविषयी ऐकून वर्षानुवर्षे चाललेली गोळी एका दिवसात बंद करतो, आणि तेही घातक आहे, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे तोवर थांबवलेले असते. (कोणी हे वाचून गोळी बंद केली तर तो दोष मला लागेल. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका.) २०२१ साली काळ्या बुरशीने किती घरे हादरली ते आपण पाहिले. मधुमेहाबरोबरच स्टिरॉइडचा बेसुमार वापर हेही त्याचे एक कारण होते.

एखाद्याने आपल्यासाठी जीव दिला असता आपण त्याचे नाव तरी विचारले असते. उंदराने जीव दिला नाही, आपण तो घेतला, हे मला मान्य आहे. बलिदान हा शब्द मी त्यासाठी वापरणार नाही. प्रयोगशाळांच्या इंग्रजी अहवालांत प्राण्याला मारल्याच्या जागी हाच शब्द लिहितात, असे त्या तरुणाने सांगितले तेव्हा मला ते खटकले. वेदीवर जो आहे त्याने स्वतःला स्वतःच्या इच्छेने अर्पण केले. उंदराला कोणी विचारले नव्हते. जे आपण करतो त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी: आम्ही मारले, आणि आम्हाला गरज होती. दुसरे वाक्य खरे आहे की नाही ते तपासायची जबाबदारी पहिल्या वाक्याबरोबरच येते.

त्या तरुणाला मी शेवटी सांगितले ते असे. "तुझा हात थरथरतो हे चांगले लक्षण आहे, पण त्यामुळे काम सोडू नकोस. तू सोडलेस तर ज्याचा हात थरथरत नाही तो तुझ्या जागी येईल. फक्त प्रत्येक गटाआधी स्वतःला विचार, या उत्तराची खरोखर गरज आहे का, आणि ते आधीच कोणी शोधलेले नाही ना." तो म्हणाला, "म्हणजे पाप नाही?" मी म्हटले, "गरजेचे आणि नीट केलेस तर नाही. पण अगदी निर्धास्त मात्र होऊ नकोस." हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही हे मला दिसत होते. मलाही ते पुरते वाटत नाही. पण याहून सोपे उत्तर मी दिले असते तर ते खोटे झाले असते.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या मंदिरात ज्यांना आजारपणामुळे गुडघे टेकता येत नाहीत, त्यांनी अवघडून तसे करू नये. मिस्सेच्या नियमांतच तशी मुभा आहे: उभे राहा, आणि पवित्रीकरणानंतर धर्मगुरू गुडघा टेकतो तेव्हा खोल वाकून वंदन करा. वाकणेही जमत नसेल तर बसून राहा. मागच्या बाकावरून कोणी वळून पाहू नये. त्या मावशींना मी हे फार उशिरा सांगितले. तोवर दीड वर्ष त्या दर रविवारी बाक धरून उठत होत्या, आणि वेदीवरून ते मला दिसत होते.

तो तरुण गेल्या रविवारी पुन्हा भेटला. जुने निबंध चाळताना त्याला आढळले की त्याच्या प्रयोगातील एका गटाचे उत्तर आधीच नीट दिले गेले आहे. त्याने ते आपल्या मार्गदर्शकांना दाखवले आणि तो गट वगळण्यात आला.

"आठ उंदीर कमी झाले, फादर," तो म्हणाला. "बाकीचे सोमवारपासून."